‘ज्ञात-अज्ञात’ सोडा, नाव घ्या: रोजचे आभार मानायला शिकताना

आमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर ‘ऋणनिर्देश’ नावाची एक फाइल आहे. घरातलं माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवसाच्या आसपास लोक येतात, खुर्चीत बसतात आणि म्हणतात, ‘नेहमीचंच घाला की.’ नेहमीचं म्हणजे काय ते मला पाठ आहे. ‘आमच्या दुःखद प्रसंगी ज्या ज्ञात-अज्ञात हितचिंतकांनी प्रत्यक्ष भेटून व दूरध्वनीवरून सांत्वन केले, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.’ फोटो, नाव आणि तारीख बदलली की काम झालं. बेळगावात, शहापूरच्या एका बोळात, बाबांच्या काळापासून आमचा छापखाना आहे. या एका मजकुरावर आमच्या घरानं किती भाकरी खाल्ल्या असतील, ते मोजलेलं नाही.

मध्यंतरी एक पोरगा वडिलांचा ऋणनिर्देश छापायला आला. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, वाचून म्हणाला, “मामा, ह्यात त्या ओमनीवाल्या दाजींचं नाव घालता येतंय काय? रात्री दोनला उठून गाडी काढले बघा ते.” मी आमच्या धंद्यातली जुनी सबब पुढे केली. एकाचं नाव घातलं की बाकीचे रुसतात. त्याला ते पटलं. निघताना मी सहज विचारलं, “मग त्यांना तोंडानं तरी सांगितलास काय?” तो म्हणाला, “त्यांना काय सांगायचं, घरचेच आहेत की.”

म्हणजे कागदावर नाव नाही, कारण बाकीचे रुसतील. आणि तोंडानं सांगायचं नाही, कारण घरचेच. दाजींच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्या रात्रीपासून मी स्वतःच्या खात्यावरची अशी थकबाकी काढायला बसलो. ती बरीच निघाली. ती फेडताना काय जमलं, काय फसलं, ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमानं लिहितोय.

आधी एक भीती काढून टाका

आपल्याकडे आभार मानायला लाज वाटते, म्हणून आपण कृतघ्न ठरत नाही. बायकोनं ताट वाढलं आणि आपण ‘धन्यवाद’ म्हणालो, तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. आईला म्हणालो तर तिला वाटेल, पोरगं रागावलंय.

हे आपल्यापुरतंच नाही. २०१८ साली भाषांचे अभ्यासक सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरगुती बोलणी चित्रित करून तपासली. ‘मीठ दे’, ‘तेवढं धर’ अशा छोट्या मागण्यांनंतर लोक काय म्हणतात, हे त्यांना बघायचं होतं. मदत बहुतेक वेळा मिळत होती. तोंडानं आभार मात्र साधारण वीसात एकदाच मानले जात होते. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे जरा जास्त बोलतात, एवढंच. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर आभार मानायचा ठरलेला शब्दच नाही, आणि तिथलीही माणसं एकमेकांना मदत करतातच. त्या आठांत मराठी नव्हती, कन्नडही नव्हती. पण खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही पडवीत कॅमेरा लावला असता तर वेगळं काही निघालं नसतं, असं मला वाटतं.

तेव्हा घरात उठता-बसता ‘थँक्यू’ म्हणायची सवय लावून घेऊ नका. ती टिकत नाही आणि चार दिवसांत घरचे नक्कल करायला लागतात. तोंडानं आभार मानायच्या जागा तीनच धरा. कोणी नेहमीच्या कामापलीकडचं केलं तर. ज्यानं केलं तो आपल्या गोतावळ्याबाहेरचा असेल तर. आणि कोणी वर्षानुवर्षं करतच आलंय, पण ते आपल्याला दिसायचंच बंद झालंय, तर. तिसरी जागा सगळ्यात अवघड, कारण तिथं आधी दिसावं लागतं. त्यासाठी वही.

पायरी पहिली: वही, तीन रकान्यांची

शंभर पानी वही घ्या. आमच्यासारख्या छापखान्यात कटिंगचे कागद शिवून फुकटही मिळेल. पानावर दोन उभ्या रेघा मारा, म्हणजे तीन रकाने होतील. पहिल्यात कोण, दुसऱ्यात काय केलं, तिसऱ्यात ते केलं नसतं तर काय झालं असतं.

सुरुवातीला माझी वही अशी होती: ‘तब्येत चांगली. पाऊस चांगला. घरचे चांगले.’ तीन दिवसांत मी कंटाळलो. हा आमच्या ऋणनिर्देशाचाच चुलतभाऊ होता, ज्ञात-अज्ञात सगळ्यांना एका ओळीत बसवणारा. मग रकाने पाडले आणि पहिला रकाना भरल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. तेव्हा असं काही यायला लागलं:

‘पेपर टाकणारा पोरगा. पाऊस होता म्हणून पेपर पायरीवर न टाकता खिडकीच्या गजात खोचला. नाहीतर लगदा झाला असता.’

‘जांबोटीकडच्या बसचा कंडक्टर. माझी पिशवी सीटखाली राहिली होती, बस सुटता सुटता हाक मारली. आत एका लग्नाच्या पत्रिकेची मंजूर झालेली प्रत होती. पुन्हा सही आणायला अर्धा दिवस गेला असता.’

‘बायको. मी जेवताना फोनवर होतो, दोनदा आमटी गरम करून आणली, काही बोलली नाही.’ इथं तिसऱ्या रकान्यात काय लिहावं हे मला बराच वेळ सुचलं नाही.

किती वेळा लिहायचं? यावर खरंच अभ्यास झालेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचे त्यांनी गट केले. एकानं आठवड्यातून एकदा, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या. तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या घटना. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला एकंदर आयुष्य जास्त बरं वाटत होतं, तब्येतीच्या तक्रारी कमी होत्या आणि व्यायामही जास्त होत होता. सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी पुढे दाखवलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. रोज तेच गिरवलं की त्याची पाटी होते. उलट मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहिणाऱ्यांना त्याचा गुण सहा महिन्यांनंतरही दिसत होता.

दोन्ही जुळवून मी असं करतो, तुम्हीही करून बघा. पहिले सात दिवस रोज रात्री, म्हणजे नजर बसते. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, तुमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी. पिशवी रिकामी करून झाली की वही काढायची. बाजाराच्या दिवशी माणसं भेटलेली असतात, त्यामुळे पहिला रकाना लवकर भरतो.

एक अट आहे. घरात दुखणं आहे, मयत झालंय, कर्जाची नोटीस आलीय, अशा दिवसांत वही उघडायची सक्ती स्वतःवर करू नका. दुसऱ्यावर तर मुळीच नको. ‘चांगलं काय आहे ते बघ की’ असं दुःखातल्या माणसाला सांगणारे सांत्वनाला येऊन जखमेवर मीठ चोळून जातात.

पायरी दुसरी: वाक्य जुळवा

वहीतल्या एका ओळीतूनच आभाराचं वाक्य तयार होतं. रकाने तेच: नाव, काम, आणि त्यानं काय झालं. त्या पोराला मी नंतर गाठलं आणि हे वाक्य अक्षरशः पाठ करून घेतलं: “दाजी, त्या रात्री तुमी गाडी काढलासा म्हणून बाबांस्नी वेळेत दवाखान्यात नेता आलं. शेवटचे दोन दिवस आमाला त्यांच्याजवळ बसाय मिळाले.” यात ‘आभार’ हा शब्दच नाही, आणि त्याची गरजही नाही. तो जाऊन बोलला. दाजी काय म्हणाले विचारलं, तर म्हणाला, “काय नाही. चा घे म्हणाले.” मग थोडं थांबून, “नंतर डोळं पुसलासारखं केले.”

‘आभारी आहे’ हा शब्द आपल्याकडे व्यासपीठावरचा आहे. कार्यक्रमाच्या शेवटी ‘आता आभार प्रदर्शन’ म्हटलं की निम्मा मांडव उठतो आणि चपला शोधायला लागतो. तो शब्द घरगुती बोलण्यात आणला की माणूस अवघडतो. तसंच ‘आपण’. शेजारच्या काकूंना ‘आपण फार मदत केलीत’ म्हणालात तर त्यांना वाटेल निवडणुकीला उभा राहिलाय. ज्या नात्यानं रोज हाक मारता त्याच नात्यानं बोला. अण्णा, आक्का, दाजी, मामी, काकू, नाहीतर नुसतं ‘काय गे’. ज्याच्याशी अरे-तुरे आहे त्याच्याशी अरे-तुरेच: “परवा तू होतास म्हणून निभावलं बघ.” एवढं पुरतं.

कधी बोलायचं? काम झाल्यावर एक-दोन दिवसांत, आणि दुसरं काही मागायचं नसेल तेव्हा. हे फार महत्त्वाचं आहे. आधी आभार आणि पाठोपाठ ‘तेवढं अजून एक काम होतं’ हा प्रकार लोकांच्या लगेच लक्षात येतो. मी एकदा कागदवाल्या व्यापाऱ्याशी असंच केलं. तो हसला आणि म्हणाला, “मालक, उधारी किती दिवसांची पाहिजे ते सांगा.”

पायरी तिसरी: समोरच्याच्या भाषेत

आपल्या भागात हे शिकावंच लागतं. सकाळी दूधवाला मराठी, बसचा कंडक्टर कन्नड, भाजीवाली कन्नड-मराठी मिसळून, मेकॅनिक उर्दू बोलणारा, आणि कॅम्पातली शेजारीण घरी कोकणी बोलणारी. ज्याचे आभार मानायचे त्याच्या भाषेत चार शब्द बोललात तर ते जास्त पोचतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

कन्नडमध्ये ‘धन्यवाद री’ चालतं. तो ‘री’ विसरू नका, आदर त्यात आहे. पण त्याहून आपल्याकडच्या बोलीत ‘भाळ छलो आत री’ जास्त आपलं वाटतं. म्हणजे फार चांगलं झालं हो. काम सांगायचं असेल तर ‘निम्मिंद नम्म केलसा आत री’, तुमच्यामुळे आमचं काम झालं. उच्चार चुकला तरी चालतो. समोरचा हसतो आणि दुरुस्त करून सांगतो, त्या दुरुस्तीतूनच ओळख वाढते. मेकॅनिकला ‘मेहरबानी भाई’ पुरे. कोकणी घरात ‘देव बरें करूं’. देव तुमचं भलं करो असा त्याचा अर्थ. आभाराचा शब्द म्हणून मला हा सगळ्यात आवडतो.

काही जण म्हणतील, आपण मराठी, आपण कन्नडमध्ये का बोलायचं? सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, माझं त्यावर मत आहे, आणि ते मी लपवत नाही. पण ते मत कंडक्टरवर काढायचं नसतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हापासून गर्दीतून वाट काढत प्रत्येकीला शून्य रकमेचं तिकीट फाडून देणारा तो माणूस दिवसभर काय सोसतो ते एकदा दारापाशी उभं राहून बघा. उतरताना ‘बरतेन री, छलो आत’, म्हणजे येतो हो, चांगलं झालं, असं म्हणायला आपलं काही जात नाही.

पायरी चौथी: भांडं रिकामं परत देऊ नका, पण कुठं द्यायचं नाही तेही शिका

आपल्याकडे तोंडाच्या आभारांपेक्षा हाताचे आभार जुने. शेजारणीनं वाटीतून भाजी दिली की ती वाटी रिकामी परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी आत पडते. सुगीत पैऱ्यानं माणसं येतात. आज त्यांनी आपल्याकडं भात कापला, उद्या आपण त्यांच्याकडं. हा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही, पण चुकतही नाही. गोठ्यातल्या बैलालासुद्धा आपण विसरत नाही. बेंदराला त्याला धुऊन, शिंगं रंगवून, पोळी भरवतो आणि त्या दिवशी मानेवर जू ठेवत नाही. हे सगळं असताना वेगळे आभार शिकायची गरज काय, असं माझी आई विचारते. तिचा मुद्दा बरोबर आहे. मी तिला एवढंच म्हणतो की वाटी परत देताना तोंडानं ‘तुमच्या भाजीनं पोरगं दोन घास जास्त जेवलं’ असं म्हटलं तर साखर गोड लागते. यावर ती म्हणते, “म्हण की मग, अडवलंय कोण?”

काय द्यावं? बेळगावात पहिलं उत्तर कुंदा. दूध आणि साखर आटवून केलेला, पाव किलोच्या डब्यातला. पण जाण्याआधी त्या घरात साखरेचा त्रास कोणाला आहे का, आणि त्या दिवशी उपास आहे का, एवढं बघून घ्या. मी एकदा मधुमेह असलेल्या गुरुजींकडे कुंदा नेला. त्यांनी तो माझ्याच हातानं नातवंडांना वाटला आणि स्वतः नुसता वास घेतला. त्यानंतर मी अशा घरी आपल्याकडचा वासाचा तांदूळ नेतो, नाहीतर परसातल्या केळीचा फणा.

पैशाचं नीट समजून घ्या, इथं नवी माणसं हमखास चुकतात. शेजारी रात्रभर दवाखान्यात तुमच्याबरोबर बसला आणि तुम्ही त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवलीत, तर तो महिनाभर बोलणार नाही. पण ज्याचं पोटच त्या कामावर आहे, त्याचे पहिले आभार पैशातच मानायचे. ओमनीवाल्याला पेट्रोलचे पैसे आधी, वाक्य नंतर. घरकामाच्या मावशींचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला. पगार थकवून ‘तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही हो’ म्हणणारी घरं मी बघितलीत. छापखान्यातही बघितलीत. एका काळी ते घर आमचंच होतं.

सरकारी कचेरीत मात्र हात रिकामाच ठेवा. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी कोणी नीट वागलं, वेळेत काम केलं, तर मिठाईचा पुडाही नेऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पुडा म्हणजे लाच नव्हे असं तुम्ही म्हणाल, पण रांगेतला मागचा माणूस तसं म्हणणार नाही, आणि तुमच्या पुड्यानं त्याचं काम महाग होतं. त्यापेक्षा अर्ध्या पानाचं पत्र त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला लिहा: अमुक तारखेला, अमुक टेबलावर, अमुक काम इतक्या वेळात झालं. तक्रारींच्या ढिगात असं पत्र सापडलं की ते टेबलावरून टेबलावर फिरतं. मी एकदा लिहिलं होतं. त्या बाई पुढच्या वेळी मला बघून उभ्या राहिल्या, मलाच कसंसं झालं.

सणांचा उपयोग करून घ्या. ज्याला एरवी बोलायला जमत नाही त्याला सण वाक्य तयार करून देतो. संक्रांतीला तिळगूळ, कन्नड शेजाऱ्याकडे यळ्ळु-बेल्ल, दसऱ्याला सोनं. खंडेनवमीला आम्ही मशिनं पुसून हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या मशिनवरचा पोरगा हसत म्हणाला, “मालक, मशिनला हार, आमाला काय?” चेष्टाच होती, पण लागली. आता पूजेनंतर प्रत्येकाला कपड्याचे पैसे, आणि वर्षभरातलं त्याचं एक काम नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगतो. ‘शिवजयंतीच्या आदल्या रात्री बॅनरचं मशिन बंद पडलं, ह्यानं पहाटेपर्यंत बसून चालू केलं.’ पैसे खिशात जातात. ते वाक्य मात्र तो घरी जाऊन सांगतो, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

पायरी पाचवी: पत्र

काही थकबाकी अशी असते की ती वाटीनं, कुंद्यानं फिटत नाही. शाळेतल्या बाई, पहिली नोकरी देणारा, अडचणीत जामीन राहिलेला. तिथं पत्र लिहा.

लिहायला बसलं की वाटतं, इतक्या वर्षांनी हे काय, समोरच्याला विचित्र वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला, आणि मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांचा अंदाज चुकला होता. मिळणाऱ्यांना अवघडल्यासारखं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी झालं, आणि आनंद जास्त झाला. लिहिणारा ‘शब्द बरोबर बसतात का’ याची चिंता करत बसतो. वाचणारा त्यातली माया बघतो. आमच्या धंद्यात नेमकं उलटं शिकवतात, पण ते पुढे सांगतो.

एक पान पुरे. हातानं लिहा. सुरुवात कामापासून करा, ‘पत्रास कारण की’ नको. एकच प्रसंग घ्या, जेवढा बारीक तेवढा चांगला. त्या प्रसंगामुळे आज तुमचं काय चाललंय ते एका-दोन ओळींत लिहा. शक्य असेल तर ते पत्र घेऊन स्वतः जा आणि वाचून दाखवा. सेलिग्मन यांच्या त्याच २००५ च्या प्रयोगात अशी भेट घेणाऱ्यांचा आनंद सगळ्यात जास्त वाढला होता. महिन्याभरानंतर तो हळूहळू उतरला, ही दुसरी बाजूही सांगायला हवी. म्हणूनच वही बंद करायची नाही.

जाता येत नसेल तर फोनवर आवाजी निरोप पाठवा. आपल्याकडे हे जास्त उपयोगी पडतं. एकाच घरात एक पोरगं मराठी शाळेत, दुसरं कन्नड, तिसरं इंग्रजी माध्यमात. पुण्या-मुंबईला गेलेल्या भाच्याला तुमचं मराठी अक्षर वाचायला जड जाईल, पण आवाज ओळखता येतो. नुसते जोडलेले हात पाठवू नका. ग्रुपवर ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ टाकणं म्हणजे आमचीच जुनी फाइल, फक्त छपाईचा खर्च वाचतो.

काही ठेचा, आधीच सांगून ठेवतो

गुपचूप केलेल्या मदतीचे चारचौघांत आभार मानू नका. कोणी फीचे पैसे भरले असतील तर ते त्याच्या घरातही माहीत नसतात.

पोरांच्या पाठीत धपाटा घालून ‘थँक्यू म्हण’ म्हणायला लावू नका. रात्री जेवताना ‘आज तुला कोणी मदत केली?’ एवढं विचारा. आमची नात पहिले काही दिवस ‘कोणी नाही’ म्हणायची. मग एकदा म्हणाली, रिक्षामामांनी पाऊस होता म्हणून मला मधल्या सीटवर बसवलं. दुसऱ्या दिवशी ते तिनंच रिक्षामामांना सांगितलं.

आता जरा कडक बोलतो. कृतज्ञता हे हत्यारही होतं. ‘तुला शिकवलं, वाढवलं, आता जमीन नावावर कर.’ ‘नोकरी दिली ना, मग जादा तासांचे पैसे कसले मागतोस?’ ‘सून म्हणून आणलं, उपकार मान.’ उपकार मोजून दाखवणाऱ्याचे आभार मानायचं कोणावरही बंधन नाही. ज्याच्यावर तुमचा हक्क आहे, ती गोष्ट मिळाल्यावर वागणुकीबद्दल बरं बोलावं, पण हक्काला उपकार म्हणू नये. वहीतसुद्धा नाही.

आणि तुमचे आभार कोणी मानले तर? ‘असू दे की, त्यात काय’ हे आपलं राष्ट्रगीत. एकदा म्हणा, हरकत नाही. पण तिथंच थांबवू नका, समोरच्यानं धीर गोळा करून बोललेलं असतं. ‘बरं वाटलं ऐकून’ एवढं म्हणा आणि चहा टाका.

माझी थकबाकी

आमच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची सुटी उलटी अक्षरं, जुळवून छपाई होती त्या काळात ती जुळवणारे एक कंपोझिटर काका होते. मला उलटी अक्षरं वाचायला त्यांनीच शिकवलं. मी एकोणीस वर्षांचा असताना एका लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची जुळवली. पत्रिका छापून झाल्या, वाटायला गेल्या, मग कळलं. बाबा पट्टा घेऊनच आले होते. काका पुढे होऊन म्हणाले, “माझ्या हातनं चुकलं, मालक.” त्या महिन्याच्या त्यांच्या पगारातून कागदाचे पैसे कापले गेले. मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, तीस वर्षं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी ते सगळं एका पानावर लिहिलं आणि खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो. बरोबर कुंदा होता, आणि साखरेचं आधी विचारून घेतलं होतं. वाचून दाखवायला लागलो तर दुसऱ्याच ओळीला घसा बसला. काकांनी कागद हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच वाचला. सावकाश, एकेका ओळीखाली बोट धरून, जसं प्रूफ वाचायचे तसं. शेवटपर्यंत आले, पुन्हा वर गेले. मग शर्टाच्या खिशातून पेन काढलं, मी लिहिलेल्या ‘आशिर्वाद’मधल्या ‘शि’भोवती गोल केला आणि समासात दीर्घ ‘शी’ काढली.

कागदाची घडी घालून त्यांनी ती देव्हाऱ्यातल्या फोटोमागं ठेवली. बाहेर आले, माझ्याकडे न बघता म्हणाले,

“दुसरं प्रूफ कवा आणतोस?”